कॉलेजातील वक्तृत्व आणि शेतकऱ्याची कैफियत

आमच्या भुईगावच्या आसपास बावखले आहेत. घाटावरच्या वाचकांस हा शब्द परका वाटेल, म्हणून खुलासा करतो. बावखल म्हणजे वाडीच्या कडेस असलेले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाळ्याचे पाणी त्यात साठते, सावकाश जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींस पोहोचते. समुद्र हाकेच्या अंतरावर असता आमच्या केळी, पानवेली, मोगरा व भाजीपाला ज्या पाण्यावर जगतात ते गोडे राहते, याचे बरेचसे श्रेय या बावखलांस आहे. जमिनीचे भाव चढल्यापासून ती बुजविण्याचा प्रघात पडला आहे. गेल्या माघ महिन्यात अशाच एका बावखलासंबंधी घेतलेल्या हरकतीची सुनावणी होती. कचेरी कोणती व अधिकारी कोण, हे सांगण्याचे येथे कारण नाही. मी स्वतः पक्षकार नव्हतो. परंतु माझे थोरले बंधू अर्जदारांपैकी एक, आणि माझी सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेलेली, म्हणून मला सोबत नेले होते.

आम्ही अकरा असामी होतो. पुकारा झाला. साहेबांनी कागदावरून दृष्टी वर करून विचारले, "बोला, काय म्हणणे आहे आपले?" अकराही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. वाडीत उभे राहून तासन्‌तास वाद घालणारी ही माणसे. शेवटी एकजण म्हणाला, "साहेब, आमचे पाणी जाईल." दुसऱ्याने आपल्या आजोबांच्या काळापासून हकीकत आरंभिली, ती आजोबांच्या लग्नापर्यंत येऊन थांबली. तिसऱ्यास राग अनावर होऊन त्याने बावखल बुजविणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा साहेबांच्या कपाळास आठी पडली.

तेव्हा माझी पुतणी पुढे झाली. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षास आहे. वक्तृत्वस्पर्धेत तिला दोन करंडक मिळाले आहेत, ते बंधूंच्या माजघरात देवाच्या फळीखाली मांडलेले असतात. आम्हां सर्वांस वाटले, आता आपले काम झाले. तिने मान ताठ केली, उजवा हात किंचित पुढे केला व म्हणाली, "आदरणीय व्यासपीठ, आणि माझ्या सुजाण श्रोत्यांनो." कचेरीतील शिपायाने तोंड फिरवून हसू लपविले. पोरीने निसर्ग, मानव, पंचमहाभूते व येणाऱ्या पिढ्या यांविषयी दोन मिनिटे अस्खलित भाषण केले. आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध. साहेब सभ्य गृहस्थ होते, त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, आपल्या विहिरीचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर काय? बावखलापासून अंतर किती?" ती गप्प झाली. तिला ते ठाऊक नव्हते. तिच्या वडिलांस ठाऊक होते, पण त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना.

सुनावणी पाऊण तास चालली. पुढील तारीख पडली. बाहेर पडण्यापूर्वी मी जुन्या ओळखीच्या बळावर कारकुनाच्या खांद्यावरून रोजनाम्यात डोकावून पाहिले. तेथे एकच ओळ होती: अर्जदारांनी तोंडी हरकत नोंदविली. अकरा माणसांचे पाऊण तासाचे बोलणे एका ओळीत आटोपले होते. त्या कारकुनास मी दोष देत नाही. अशा ओळी मी स्वतः शेकड्यांनी लिहिल्या आहेत.

या ठिकाणी माझ्या धंद्याचे एक गुपित वाचकांस सांगितले पाहिजे. सुनावणीत निकाल देणारा अधिकारी पुष्कळदा प्रकरण बंद झाल्यावर कित्येक दिवसांनी निकालपत्र लिहावयास बसतो. तोवर त्याच्यासमोरून अशी पन्नास प्रकरणे गेलेली असतात. कोणाचा आवाज भरून आला होता, कोणाच्या डोळ्यांत पाणी होते, हे त्यास स्मरत नाही. त्याच्यापुढे असते ते दफ्तर, आणि दफ्तरात असते ते कारकुनाने लिहून घेतलेले. मी लिहून घेणारा होतो. माणूस जे बोलत असे त्यापैकी जे मला लिहिता येई, तेवढेच उरे. "फार अन्याय झाला" हे लिहिता येत नाही. "अमुक तारखेस उत्तर बाजूचा बांध फोडला" हे लिहिता येते. "पूर्वीपासून आमची वाट आहे" यापेक्षा "माझे वडील या वाटेने बैलगाडी नेत असत, त्यास शेजारचे अमुक साक्षी आहेत" हे कागदावर चांगले उतरते. कित्येक शेतकरी इतके भरभर बोलत की लेखणी त्यांच्या मागे धावूच शकत नसे, आणि शेवटी "जबाब वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे" या ओळीखाली न वाचताच सही किंवा अंगठा करीत. क्वचित एखादी वृद्ध बाई एक वाक्य बोलून थांबे, माझ्या लेखणीकडे पाही, आणि ती थांबली की पुढचे वाक्य बोले. तिला वक्तृत्व कोणी शिकविले नव्हते. पण तिचा जबाब अक्षरशः दफ्तरी राही.

मी कॉलेजची पायरी चढलो नाही. माझे शिक्षण गावच्या मराठी शाळेतले. तेव्हा कॉलेजात काय शिकवितात याविषयी मी बोलावे हा आगाऊपणा होईल, या भयाने मी पुतणीची पुस्तके मागून घेतली. मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या पहिल्या वर्षास 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा विषय बरीच वर्षे होता, आणि वाणिज्य शाखेस 'बिझनेस कम्युनिकेशन'. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमाची मांडणी बदलली, तरी संभाषणकौशल्यास त्यात जागा राहिली आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु मला त्यात एक मौज दिसली. बोलण्याच्या या विद्येची परीक्षा बहुतांशी लेखी! पोहणे शिकवून परीक्षा मात्र ओट्यावर घ्यावी, त्यातला हा प्रकार. ज्यांस खरोखर उभे राहून बोलावयाचे आहे ती मुले स्पर्धेकडे वळतात, आणि स्पर्धेचा विषय आठ दिवस आधी मिळतो, भाषण कोणी जाणता लिहून देतो, मूल ते पाठ करते, परीक्षक आवाजास, हातवाऱ्यांस व वेळेस गुण देतात. ऐकणारा उलट प्रश्न विचारीत नाही. जगात उलट प्रश्न न विचारणारा श्रोता स्पर्धेखेरीज कोठे भेटतो?

आपल्या इलाख्यात कॉलेजातल्या मुलांनी बोलावयास शिकण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिचा आरंभ असा पोकळ नव्हता. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या आघाडीच्या मंडळींपैकी. मुले तेथे निबंध वाचीत व त्यावर वाद करीत. पुढे मराठी व गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही मुले नुसती बोलून थांबली नाहीत. १८४९ पासून त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. पुण्यास न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अद्यापि चालू आहे. फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य शिवाजीराव भोसले (१९२७–२०१०) यांची व्याख्याने ऐकण्यास खेड्यापाड्यांतून माणसे येत, हे आमच्या पिढीतील पुष्कळांस आठवत असेल.

परंतु कैफियत मांडण्याचा धडा घ्यावयाचा तर तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्या एका वर्षापासून घ्यावा. ते वर्ष १८९७. गोखले फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते, वय अवघे एकतीस. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत वेल्बी कमिशन बसले होते, त्यापुढे साक्ष देण्यास ते गेले. साक्षीची तयारी गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने त्यांजकडून करवून घेतली. हे जोशी आकड्यांचे मोठे जाणकार. आज त्यांचे नाव थोड्यांस ठाऊक आहे. मुरलेल्या राजकारण्यांनी गोखल्यांची उलटतपासणी केली, आणि हा तरुण डगमगला नाही, कारण प्रत्येक विधानामागे आकडा होता व तो आकडा कोठून आला हे त्यास माहीत होते. त्याच मुक्कामात त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची हकीकत, इकडून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, तेथील वर्तमानपत्रास सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पुढे येऊन सांगणारा कोणी निघेना. तेव्हा गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि ती खूण त्यांच्या मनावर पुष्कळ वर्षे राहिली. माणूस तोच, वाणी तीच, वर्षही तेच. पहिल्या प्रसंगी पाठीशी जोश्यांचे आकडे होते. दुसऱ्या प्रसंगी ऐकीव पत्रे.

आणि तयारी करून बोललेलेही प्रत्येक वेळी चालते असे नाही, हेही सांगून टाकतो. छपन्नाच्या दुष्काळानंतर १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा न भरल्यामुळे जप्त झालेली जमीन पुन्हा देताना ती विकता वा गहाण टाकता येणार नाही, अशा शर्तीवर द्यावी, म्हणजे ती सावकाराच्या घशात जाणार नाही, हा सरकारचा दावा. फिरोजशहा मेहता व गोखले यांनी कौन्सिलात कडाडून विरोध केला. बिल पुढे ढकलण्याची सूचना फेटाळली गेली तेव्हा मेहता, गोखले व त्यांचे काही सहकारी सभागृह सोडून निघून गेले. कायदा मंजूर झाला तो झालाच. आपल्या सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' म्हणून जो शेरा आपण पाहतो त्याचे मूळ त्या कायद्यापर्यंत जाते. मी नोकरीत असताना तो शेरा किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. पुढच्याच वर्षी, १९०२ च्या मार्चमध्ये, वरिष्ठ कायदे कौन्सिलात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले व मिठावरील कर गरिबास कसा जाचतो ते आकड्यांनिशी दाखविले. १९०३ मध्ये तो कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. आमच्या वसईच्या खाडीकाठी मिठागरे आहेत, म्हणून ही गोष्ट मला विशेष लक्षात राहिली.

जोतिराव फुले यांची रीत आणखी निराळी. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जडजवाहीर घातलेल्या त्या मंडळींत जोतिराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि बोलावयास उठले. येथे जमलेल्या श्रीमंतांवरून या देशाची परीक्षा करू नये, खरी रयत खेड्यांत आहे, तिची दैना राणीसाहेबांच्या कानी घालावी, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. पाच वर्षांपूर्वीच, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. तेव्हा जे बोलले ते त्या क्षणी सुचलेले नव्हते.

अलीकडच्या काळातील उदाहरण हवे तर शरद जोशी यांचे घ्यावे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकलेला, स्वित्झर्लंडात बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला हा गृहस्थ चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन कसू लागला, आणि १९८० च्या सुमारास कांद्याच्या आंदोलनात हजारो शेतकरी त्याचे बोलणे ऐकू लागले. त्या बोलण्यात अलंकार फारसे नसत. एक क्विंटल पिकविण्यास बी किती, मजुरी किती, पाणी किती, आणि हाती आले किती, हा जो हिशेब शेतकरी रात्री अंथरुणात करतो, तोच तो सभेत मोठ्याने करी. ऐकणारास वाटे, हा माझीच वही वाचीत आहे.

आमच्या वसईस तर बोलण्याच्या विद्येचे निराळेच नाते आहे. येथील एका कॉलेजास संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा पुरुष जपानात गेला, तेथे व्यापार केला व तेथील भाषा इतकी आत्मसात केली की १५९३ मध्ये मनिलाहून जपानच्या राज्यकर्त्याकडे, हिदेयोशीकडे, जी वकिलात गेली तिचा दुभाषी तोच होता. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्यास क्रुसावर चढविण्यात आले. धर्माची बाजू येथे बाजूस ठेवू. परमुलखात, परक्या दरबारात, दोन्ही पक्षांस समजेल असे बोलण्याचे काम आमच्या मातीतील माणसाने केले, एवढेच येथे प्रस्तुत आहे.

दुभाष्याचे हे काम आमच्या मुलांच्या वाट्यास रोज येते. घरी आम्ही आमची बोली बोलतो. कोणी तिला कादोडी म्हणतो, कोणी सामवेदी. पलीकडच्या आळीत वाडवळी. शाळेत पुस्तकी मराठी, आणि कॉलेजात इंग्रजी. तीन भाषांचे हे ओझे घेऊन मूल उभे राहिले की पहिली भीती विषयाची नसते, उच्चाराची असते. आपल्या तोंडून घरचा शब्द निसटेल आणि लोक हसतील, या धास्तीने कित्येक हुशार मुले कायमची मुकी झालेली मी पाहिली आहेत. ज्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत गावोगाव सभा घेतल्या व पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, ते आमच्या शेजारच्या नंदाखालचे. घरच्या बोलीने त्यांच्या मराठीस काही बाधा आणली नाही. बोली ही लपविण्याची वस्तू आहे असे मुलांस वाटू देणारे शिक्षण, मग ते कितीही करंडक देवो, मला अपुरे वाटते.

बोलण्याची गरज आमच्याकडे वाढली आहे, याचेही कारण आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावे घालावी की वगळावी यावर पुढे बरीच वर्षे आंदोलने व कोर्टकज्जे झाले; त्या वादात मी शिरत नाही. पण ग्रामपंचायत गेली तेथे ग्रामसभाही गेली, ही वस्तुस्थिती आहे. ग्रामसभेत शेतकरी वेडेवाकडे का होईना, बोलत असे. शेजारी सावरून घेत असे. आता बोलावयाचे ते सुनावणीत, परक्या खोलीत, ठरलेल्या तारखेस. २०१६ च्या सप्टेंबरात मुंबई महानगर प्रदेशाचा २०१६ ते २०३६ या काळाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती मागविल्या गेल्या, तेव्हा वसईच्या गावांनी त्या गठ्ठ्यांनी दिल्या. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात १९२३ साली घातलेल्या कलमाने हरकतीस ३० दिवस मिळत. २०१३ च्या कायद्याने ते ६० केले आणि जातीने ऐकून घेण्याचा हक्क कायम ठेवला. हक्क मिळाला खरा. तो वापरावयास जीभ हवी.

परदेशांतील शेतकऱ्यांनी ही गोष्ट आपल्या आधी ओळखली. डेन्मार्कात ग्रुंडविग नावाच्या पाद्र्याच्या प्रेरणेने १८४४ मध्ये रोडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण शेतकरी तेथे राहावयास जात. पुस्तकांपेक्षा जिवंत शब्दावर, म्हणजे तोंडी कथनावर व चर्चेवर, तेथे भर असे; परीक्षा नसे. १८८२ पासून त्या देशात ज्या सहकारी दुग्धशाळा निघाल्या त्यांच्या सभांतून बोलणारे, हिशेब विचारणारे सभासद पुष्कळ अंशी या शाळांनी घडविले असे मानले जाते. अमेरिकेत शेतकी शिकणाऱ्या शाळकरी मुलांची जी संघटना १९२८ मध्ये निघाली, तिने १९३० पासूनच राष्ट्रीय वक्तृत्वस्पर्धा सुरू केली, आणि तीत भाषणानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. भाषणकलेचे वर्ग चालवून जगभर नाव मिळविलेला डेल कार्नेगी हाही मिसूरीतल्या एका गरीब शेतकऱ्याचाच मुलगा. कॉलेजच्या गावी राहण्याची ऐपत नव्हती म्हणून तो घरून घोड्यावर बसून जात असे. वक्तृत्वस्पर्धांत वारंवार हरला, आणि घोड्यावर व गाई पिळताना भाषणे म्हणून म्हणून शेवटी जिंकू लागला. हे मी पुतणीस सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, आपल्याकडे गाई नाहीत आता." मी म्हटले, केळी आहेत.

त्या पहिल्या तारखेनंतर आठ दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती. करंडक तिने फळीखालून उचलून पेटीत टाकले होते. नवव्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या ओटीवर आली आणि म्हणाली, "काका, सातबारा कसा वाचायचा ते मला दाखवा." त्या रात्री आम्ही बाराच्या पुढेपर्यंत बसलो. सर्व अर्जदारांचे उतारे काढविले. कोणाची विहीर कोणत्या हिश्श्यात, तिची नोंद उताऱ्यावर आहे की नाही, हे पाहता तीन विहिरींची नोंदच नसल्याचे आढळले, हे एक त्यातल्या त्यात बरे झाले, आधी कळले म्हणून. बावखलाभोवतीच्या नऊ विहिरींपर्यंतचे अंतर तिने टेपाने मोजले. दोरीस गाठी मारून दर रविवारी प्रत्येक विहिरीतील पाणी किती खाली आहे ते वहीत लिहू लागली. तिच्या कॉलेजातील दोघी मैत्रिणी मदतीस येत. थोड्या अंतरावर एक बावखल काही वर्षांपूर्वी बुजविले गेले आहे, त्याच्या कडेची विहीर मचूळ होऊन तेथील पानवेल मोडावी लागली. त्या विहिरीचे व आमच्या विहिरीचे पाणी तिने तपासून आणले. त्या वाडीच्या मालकास तारखेस येण्याची विनंती करण्यास ती चार वेळा गेली. तीनदा तो नाही म्हणाला.

अर्जदारांतर्फे बोलावयाचे तर अधिकारपत्र हवे, ते लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. हे पहिल्या वेळी कोणासच सुचले नव्हते, मलाही नाही. आणि माझी नोकरी त्यातच गेली, हे लिहिताना लाज वाटते.

मग बोलण्याची तालीम. तिने पुन्हा एक लांब भाषण लिहून आणले. मी समोर लेखणी घेऊन बसलो व म्हटले, "बोल, मी लिहितो. जे लिहून होणार नाही ते खोड." पाच पानांचे एक पान झाले. हात थरथरतात म्हणून कागद फडफडतो, यावर तोड म्हणून कागदाखाली पुठ्ठा धरावयाचा ठरले. केळीस पाणी लावताना ती एकेक वाक्य मोठ्याने म्हणे. परीक्षक म्हणून आमच्या मातोश्री बसत. त्यांनी चाळीस वर्षे पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले नेऊन विकली आहेत. त्यांनी सारे ऐकून एकच सूचना केली: "भाव एकदा सांगायचा आणि गप्प बसायचे. जो आपणहून दुसऱ्यांदा बोलतो तो उतरतो." बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू राहतात, अशा अर्थाची म्हण आपण सर्वच जाणतो, कोठे थांबावे हे मात्र त्या म्हणीत नाही.

मी स्वतः साहेब होऊन आडवेतिडवे प्रश्न विचारले. त्यातल्या एकावर ती पहिल्या दिवशी रडकुंडीस आली. तोच प्रश्न चैत्रातल्या तारखेस खऱ्या साहेबांनी विचारला: "बावखल खाजगी मालकीचे आहे. मालकाने आपल्या जमिनीत काय करावे हे तुम्ही कोण सांगणार?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "साहेब, मालकी आम्ही नाकारीत नाही. भरणी झाल्यास शेजारच्या नऊ विहिरींचे काय होईल याची पाहणी भरणीपूर्वी व्हावी, एवढीच आमची मागणी आहे." आणि गप्प बसली. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. माझ्या बंधूंनी काही बोलण्यास तोंड उघडले, तर मी त्यांचा सदरा मागून ओढला.

तिचे सारे बोलणे सहा-सात मिनिटांचे झाले. विहिरींचा तक्ता तिने सादर केला. मध्ये एका शब्दास ती अडखळली व घरच्या बोलीतला शब्द निघून गेला. कोणी हसले नाही, कारण साहेबांस तो शब्द विहिरीतल्या गाळासाठी आहे हे विचारून घ्यावेसे वाटले. मचूळ विहिरीचा मालक आला होता. तो दोनच वाक्ये बोलला, पण त्याचा जबाब झाला. कारकून लिहीत होता. एका ठिकाणी त्याने हात वर केला, ती थांबली, त्याने ओळ पुरी केली, मग ती पुढे बोलली.

प्रकरणाचा निकाल अद्याप झालेला नाही. त्या दिवशी स्थळपाहणीचा हुकूम झाला व तोपर्यंत भरणी करू नये असे समोरच्या पक्षास सांगण्यात आले. रोजनाम्याची नक्कल आम्ही घेतली. या खेपेस ती अडीच पानांची आहे. स्थळपाहणीची तारीख पावसाळ्यापूर्वीची असून नोटीस आली आहे. पुतणीची परीक्षा त्याच आठवड्यात पडते. त्या दिवशी पहिला पेपर सकाळचा आहे; तो देऊन ती दुपारपर्यंत येईल, तोवर टेप व दोरी घेऊन मी बावखलावर थांबावे, असे ठरले आहे.